ताकाचं कोर्ट

हंबीररावाच्या घराण्यात एक नेम होता. बापानं पोराची कुस्ती बघायची नाही.

नेम कसा पडला हे पलूसच्या बाजाराला जाणाऱ्या कुणालाही विचारा. हंबीररावाचे वडील नाथाजी पैलवान ऐन भरात होते तेव्हाची गोष्ट. जत्रेच्या फडात त्यांनी समोरच्याला खाली घेतलं होतं, आता नुसता उताणा करायचा बाकी होता. तेवढ्यात गर्दीत बापाचा पटका दिसला, नाथाजींची नजर तिकडं गेली, आणि पुढच्या क्षणी नाथाजीच आभाळ बघत पडले. झालं. बापाची नजर पोराच्या पाठीला भोवते, असं घरात कायमचं ठरलं. आता हलली होती ती पोराची नजर, बापाची नव्हे, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या घरात तालीम होती, तर्कशास्त्र नव्हतं.

त्यामुळं हंबीरराव स्वतः लढायला लागला तेव्हा नाथाजी नारळाच्या दुकानामागं, फडाकडं पाठ करून बसायचे. मांडीवर पोराचे कपडे. लोकांच्या आवाजावरून त्यांना कळायचं, कोण वर आहे नि कोण खाली. हंबीरराव गुलालात माखून आला की ते सदरा पुढं करायचे आणि म्हणायचे, "चल." एकदा त्यानं धाडस करून विचारलं होतं, "अण्णा, कशी लढलो मी?" नाथाजी म्हणाले, "मला काय म्हाईत? मी कुटं बघितली?"

पुढं हंबीरराव फौजेत गेला. एका छावणीत साहेबलोकांच्या टेनिस कोर्टाची देखभाल त्याच्याकडं आली. तिथल्या भिंतीवर त्याची एकुलती एक मुलगी, शिवांजली, जुन्या रॅकेटनं चेंडू बडवत बसायची. एक साहेब म्हणाला, हिच्या हातात खेळ आहे. हंबीररावानं ते वाक्य पेटीत घालून गावी आणलं, आणि पेन्शनीत निघाल्यावर उसाच्या रानाचा विहिरीकडचा तुकडा मोकळा करून पोरीसाठी कोर्ट करायला घेतलं.

साहेबांचं कोर्ट सिमेंटचं होतं. पण पॅरिसला फ्रेंच ओपन म्हणून जगातली मोठी स्पर्धा असते आणि ती लाल मातीवर होते, हे त्यानं छावणीतच ऐकलं होतं. लाल माती म्हटल्यावर आणखी कुणाला काही विचारायची त्याला गरज वाटली नाही. पैलवानाला मातीचं कोण शिकवणार? त्यानं तालमीचा हौद करतात तसं कोर्ट केलं. तांबडी माती चाळून आणली. तीत ताक ओतलं, तेल ओतलं, हळद आणि लिंबू घातलं, आणि पायांनी तुडवून ती अशी लुसलुशीत केली की आपटलेल्या पैलवानाला तिथंच झोप यावी. मग सगळ्या गावादेखत चेंडू टाकला. चेंडू पडला तिथंच बसला.

गावातल्या प्रत्येक भानगडीत पुढं असणारा कृष्णात तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. तो ओरडला, "आवं तात्या, चेंडू चितपट झाला की!" गाव आठवडाभर हसत होतं. शिवांजलीच्या आईचं चुलीजवळचं ताक गेलं ते वेगळंच.

पोरगी तेवढी हसली नाही. माती दबल्यावरही जेमतेम वीतभर उसळणारा चेंडू गुडघा मातीला टेकवून कसा उचलायचा, हे ती त्या कोर्टावर शिकली. वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की पॅरिसची लाल माती म्हणजे दळलेली वीट असते. मग हंबीररावानं कृष्णेकाठच्या भट्टीवरून फुटक्या विटा आणल्या, त्या कुटून चाळून पसरल्या, आणि चेंडू शहाण्यासारखा उसळायला लागला. पण पोरीच्या गुडघ्यात जे बसलं ते बसलं. गावानंही नाव बदललं नाही. त्या जागेला आजही ताकाचं कोर्टच म्हणतात.

शिवांजली सांगलीला शाळेच्या स्पर्धांत खेळायला लागली. बाकीच्या मुलींचे बाप जाळीला चिकटून ओरडत असायचे. हंबीरराव तिला फाटकाशी सोडायचा आणि चहाच्या गाड्यामागं कोर्टाकडं पाठ करून बसायचा. मांडीवर तिचा टॉवेल. ती आली की टॉवेल पुढं करायचा आणि म्हणायचा, "चल." एकदा मोटरसायकलवर मागून तिनं विचारलं, "आबा, मी कशी खेळले?"

"मला काय म्हाईत?" हंबीरराव म्हणाला. "मी कुटं बघितलं?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

ती पुण्याला शिकायला गेली, तिथून देशाबाहेर गेली. आज एका देशात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. नावं ऐकून हंबीररावाला सगळी गावं एकच वाटायची. मधल्या काळात तिची आई गेली. शिवांजली आली, दिवस होईपर्यंत राहिली, आणि डोळे पुसत पुन्हा विमानात बसली. घरात उरला हंबीरराव आणि रानात उरलं कोर्ट.

विटेच्या मातीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, नाहीतर उन्हानं तिची धूळ होऊन वाऱ्यावर जाते. हंबीरराव दोन्ही वेळा पाइप घेऊन पाणी मारायचा, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा उजळायचा. खेळायला कुणी नव्हतं. गावची पोरं क्रिकेटला आली की त्यांना काठी घेऊन हाकलायचा. चुलतभाऊ म्हणायचे, ऊस लाव, निदान काही येईल तरी. त्यांनाही तो काठीच दाखवायचा. खरं सांगायचं तर कोर्ट हा बहाणा होता. पहाटे उठायला माणसाला काहीतरी लागतं, आणि त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं.

शिवांजलीचा फोन यायचा. "आबा, जेवलासा?" "जेवलो. तू?" "जेवले." दोघंही बऱ्याचदा खोटं बोलत असत. मग मागं विमानतळाची घोषणा ऐकू यायची आणि ती म्हणायची, "बरं, ठेवते."

शेजारी पुतण्याचं घर होतं. पुतण्याची बायको क्रांती सासऱ्याच्या नात्यानं त्याला मामा म्हणायची. तिनंच त्याच्या फोनवर शिवांजलीच्या सामन्याचे गुण दिसायची सोय करून दिली. चित्र नाही, आवाज नाही. दोन नावं, पुढं आकडे, आणि सर्व्हिस जिची असेल तिच्या नावाशी पिवळा ठिपका. हंबीररावानं यावर बराच विचार केला आणि ठरवलं की आकडे बघणं म्हणजे बघणं नव्हे. नेमाला धक्का नाही. तेव्हापासून तो कोर्टाच्या कडेला दगडावर बसून तो ठिपका बघायचा. ठिपका बराच वेळ हलला नाही की समजायचा, पोरगी चेंडू आपटत उभी आहे, विचार करतेय. कधी कधी नकळत उठून तिच्या बाजूच्या रेघेवर जाऊन उभा राहायचा. पलीकडं कुणी नसायचं.

यंदा मार्चमध्ये तिनं जरा वेगळाच फोन केला.

"आबा, फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीत नाव लागतंय माझं. तुमी या. पासपोर्ट काढलाय तुमचा, व्हिसाचं मी बघते."

नेमाचं तोंडावर सांगायला हंबीररावाला लाज वाटली. विमानात बसणाऱ्या पोरीला असलं काय सांगायचं? तो म्हणाला, "मे महिन्याचं ऊन असतंय गं. कोर्टाला पाणी कोण मारंल?"

पलीकडं बराच वेळ काही नाही. पिवळा ठिपका थांबावा तसं.

"बरं," ती म्हणाली.

मे उजाडला आणि शिवांजलीनं पात्रतेचे तिन्ही सामने मारले. मुख्य स्पर्धेत गेली. कृष्णात आता गावचा उपसरपंच होता. त्यानं एका दिवसात कमानीवर फ्लेक्स चढवला. त्यात शिवांजलीपेक्षा त्याचा स्वतःचा फोटो मोठा होता. पहिल्या फेरीच्या दिवशी त्यानं शाळेचा प्रोजेक्टर आणला, भैरोबाच्या देवळापुढं लग्नातला पांढरा पडदा बांधला आणि गावाला दवंडी दिली. दवंडी म्हणजे व्हॉट्सअॅपवर, पण कृष्णात तिला दवंडीच म्हणतो.

दिवस मावळतीला सगळं गाव देवळापुढं जमलं. हंबीरराव तेवढा कोर्टावर होता. बोअरची मोटर सुरू, हातात पाइप, दगडावर फोन. पहिला सेट पोरीनं घेतला. दुसरा समोरच्या झेक मुलीनं घेतला. तिसऱ्यात तीन-दोन झालं आणि फोन अडकला. अख्खं गाव एका टॉवरवर लोंबकळत होतं, दुसरं काय होणार?

मग त्यानं नाथाजींसारखे कान लावले. देवळाकडून आरोळी आली. त्याला बरं वाटलं. लगेच आणखी मोठी आरोळी आली. मग आणखी. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की गावाला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. गुण कुणालाही मिळाला तरी गाव ओरडतंय. नाथाजींच्या वेळी लोकांना कुस्ती कळत होती. त्यानं पाइप घट्ट धरला आणि एकाच जागी पाणी मारत राहिला.

तेवढ्यात बांधावरून क्रांती आली. चालण्यात घाई होती, पण तोंड उतरलेलं.

"मामा, ताई जितायला लागलीया. चार-तीन झालंय."

"मग रडतीस कशाला?"

"रडत न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "मामा, तिथं खेळणाऱ्याच्या घरच्यांसाठी खुर्च्या ठेवत्यात. त्या दुसऱ्या पोरीचा बाप हाय, भाऊ हाय, शिकवणारा हाय. गुण झाला की ती त्यांच्याकडं बघती, ते मुठी दाखवत्यात. आपल्या ताईच्या खुर्च्या मोकळ्या हायती. तिचा शिकवणारासुदिक दुसऱ्या कोर्टावर हाय म्हणं."

"मग?"

"मग काय न्हाई. ती पण दर वेळी वर बघती. त्या मोकळ्या खुर्च्यांकडंच बघती."

क्रांती गेली. हंबीरराव पाइप धरून उभा राहिला. आजवर त्याला वाटत होतं, या जगात एकटा कोण असेल तर तो. संध्याकाळी भाकरी करून खाणारा, एका माणसाचं ताट धुणारा. पोरीभोवती तर देशोदेशीची माणसं असतील, दिवे असतील, टाळ्या असतील, असं त्यानं धरून चाललं होतं. मोकळ्या खुर्च्यांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यातली एक खुर्ची मोकळी का होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यानं पाइप तिथंच टाकला आणि देवळाकडं निघाला.

तो मागच्या बाजूनं आला, तरी लोकांना लगेच कळलं. एकेक मान वळली. पडद्यावर पाच-तीन झालं होतं. हा गेम घेतला की सामना शिवांजलीचा, आणि सर्व्हिसही तिचीच. कृष्णात खुर्चीवरून उडालाच.

"तात्या, तुमी हितं कशाला आलासा? नेम हाय न्हवं तुमचा?"

"बघतो जरा."

"आवं, जितायला चार गुण राहिल्यात! घरला जावा. पाया पडतो, जावा."

"व्हय तात्या," दोन-तीन म्हाताऱ्यांनीही री ओढली. "एवढ्या लांब गेलीया पोरगी. आता घात करू नगा."

पॅरिसमधला चेंडू पलूस तालुक्यातल्या एका म्हाताऱ्याच्या नजरेनं जाळीत अडकतो, असं मानणाऱ्यांना काय म्हणावं? पण गाव मानत होतं. आणि लपवून काय उपयोग, हंबीररावही मानत होता. आपण इथं थांबलो तर पोरगी हरणार, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. पाय मागं फिरायला लागलेच होते.

तेवढ्यात त्यानं पडद्याकडं बघितलं.

लाल कोर्ट. अगदी त्याच्या कोर्टासारखं, फक्त रेघा सरळ. आणि तिथं शिवांजली. जाळीशी टाकलेला चेंडू मरायला आला होता. ती धावत आली, उजवा गुडघा मातीला टेकला, आणि जमिनीला लागता लागता तिनं तो उचलला. चेंडू जाळी ओलांडून पलीकडं अलगद पडला. लोक ओरडले. हे ती कुठं शिकली, हे तिथं बसलेल्या कुणाला माहीत नव्हतं. हंबीररावाला माहीत होतं, आणि सामन्यात त्यानं ते आज पहिल्यांदा बघितलं.

ती उठली, गुडघ्याची माती झटकली, आणि वर बघितलं. कॅमेरा तिच्या नजरेमागं गेला. खुर्च्या होत्या. त्यांवर ऊन पडलं होतं.

हंबीरराव खाली मातीवर बसला.

"तात्या!" कृष्णात जवळजवळ रडकुंडीला आला.

"कृष्णात, गप बस," हंबीरराव म्हणाला. "हरली तर हरली. पर माझ्या पोरीला आता मी बघणार."

शिवांजली हरली. त्या गेममध्ये एकदा चेंडू रेघेबाहेर गेला, एकदा जाळीत. पाच-चार, मग पाच-पाच, मग झेक मुलीनं तिला पुन्हा वर येऊ दिलंच नाही. प्रत्येक गुणानंतर ती वर बघत होती, आणि प्रत्येक वेळी इकडं पडद्यासमोर बसलेला हंबीरराव हात थोडा वर करत होता. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. तरी हात जायचाच.

सामना संपल्यावर झेक मुलगी धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. शिवांजलीनं बाकावर बसून टॉवेल स्वतःच काढला, तोंड पुसलं, रॅकेटी पिशवीत भरल्या आणि चालत आत गेली. तेवढ्यात कृष्णातनं प्रोजेक्टर बंद केला.

गाव उठलं. हंबीररावाजवळून जाताना लोक जरा अंतर ठेवून गेले, सुतक असलेल्या घरावरून जातात तसे. "नेम मोडला," एवढंच कुणीतरी म्हणालं. कृष्णातनं पडद्याची दोरी सोडली, घडी घातली आणि मागं न बघता निघून गेला. देवळापुढं हंबीरराव एकटा उरला. त्याला कुणाचा राग आला नाही. त्याला नुसतं फार एकटं वाटलं, आणि तेही आज नवं नव्हतं.

तो रानात आला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. बोअरची मोटर अजून सुरूच होती. टाकलेल्या पाइपनं कोर्टाचं तळं केलं होतं. चुन्याच्या रेघा विरघळून गेल्या होत्या, विटेचा लाल चिखल वाहून उसात शिरला होता, आणि जाळी खालून भिजली होती. इतक्या वर्षांची राखण एका संध्याकाळी गेली. हंबीररावानं चपला काढल्या आणि दगडावर बसून पाय चिखलात सोडले.

फोन वाजला.

"आबा," शिवांजली म्हणाली. "हरले."

"बघितलं मी."

"काय?"

"बघितलं. देवळापुढं, पडद्यावर." तो थांबला. मग सगळं एका दमात बोलून टाकलं. "पाच-तीनला आलो बघ. आणि तवापासनंच तू हरत गेलीस. बापानं बघायचं न्हाई असा आपल्या घराण्याचा नेम हाय. म्हणून सांगलीत कधी बघितलं न्हाई, म्हणून तिकडं आलो न्हाई. पाण्याचं खोटं हुतं. आज मोडला नेम. माझ्यामुळं हरलीस पोरी."

मोटरीचा आवाज तेवढा येत होता. आता ती चिडेल, आणि चिडावंच तिनं, असं त्याला वाटलं.

"आबा," ती खूप हळू म्हणाली, "मग मी कशी खेळले?"

हा प्रश्न हंबीररावानं स्वतः एकदा विचारला होता, आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

"जाळीजवळ एक चेंडू मरायला आलता," तो म्हणाला. "गुडघा टेकवून उचललास. ताकाच्या कोर्टावर उचलायचीस तसा. लय भारी उचललास. तसला डाव मी जन्मात बघितला न्हाई."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि त्यानं तिला रडू दिलं.

"आणि वर बघत हुतीस," तो म्हणाला. "ते पण बघितलं."

फोन कुणीच ठेवला नाही.

"पुढचं कवा हाय?" त्यानं विचारलं.

"जूनमध्ये. इंग्लंडला, गवतावर. व्हिसा वेळेत मिळायचा नाही कदाचित."

"न्हाई मिळाला तर त्याच्या पुढच्याला. जिथं असंल तिथं येतो."

"आणि आबा," ती नाक ओढत म्हणाली, आता तिच्या आवाजात जरा चेष्टा होती, "कोर्टाला पाणी कोण मारंल?"

हंबीररावानं समोरच्या तळ्याकडं बघितलं.

"त्याची काळजी करू नगं," तो म्हणाला. "आज लय मारलंय."

मग तो उठला आणि चिखलातून वाट काढत मोटर बंद करायला गेला.